सुंदराबाईचं वनस्पती

नवागामच्या आमच्या गल्लीत सुंदराबाई पाटलांचं घर शोधायला पत्ता लागत नसे. दुपारची शिफ्ट सुटली की ज्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसेल, ते त्यांचं घर. बायकामुलं गावी ठेवून लूमवर राबायला आलेल्या कारीगरांसाठी त्या घरातच वीशी चालवायच्या. वीशी म्हणजे आपली खानावळच. पण सुरतेत माणूस आला की त्याच्या तोंडचे शब्दही इथले होतात. पुढच्या खोलीत पंगत, मागच्या खोलीत चूल आणि स्टोव्ह, आणि मधल्या उंबऱ्यात एक पाय इकडे, एक पाय तिकडे अशा सुंदराबाई. आमचं स्वयंपाकघर त्यांच्या मागच्या खोलीच्या समोरच. माझे यजमान महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक, म्हणून गल्लीत मी 'मास्तरीणबाई'. मला नाव आहे हे सुंदराबाईंना ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग त्यांनी कधी केला नाही.

त्या पारोळ्याकडच्या. हाताला चव अशी की अमळनेर, धरणगाव, शिरपूर, कुठलाही खानदेशी माणूस त्यांची शेवभाजी तोंडात घातली की क्षणभर गप्प व्हायचा. भाजीवर लालभडक तेलाचा तवंग यायलाच हवा, नाहीतर ती त्यांच्या लेखी भाजीच नव्हे. "तेल नही दिसनं ते माणूस म्हनी, बाईना हात आखडस," असं त्या म्हणायच्या. बाईचा हात आखडतो असं कुणी म्हणणं, याहून मोठी नाचक्की त्यांच्या जगात नव्हती.

आणि सगळ्यांत सढळ हात होता तो नवऱ्यासाठी. उखाभाऊ लूमवरचे जुने कारीगर. खटाखट चालणाऱ्या मागांमध्ये वर्षं घालवून त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे नवरा-बायकोचं साधं बोलणंही गल्लीभर ऐकू जाई. ते पंगत उठल्यावर जेवायचे. त्यांच्यासाठी पातेल्यावरचा तवंग अलगद काढून ठेवलेला असे. म्हशीच्या दुधावरची जाड साय त्यांची. रविवारी मटण झालं तर चरबीचा तुकडा त्यांचा. उखाभाऊ मुकाट्यानं जेवायचे आणि शेवटी ताट पुढं सरकवून म्हणायचे, "आज बरं झालं." तेवढ्यावर सुंदराबाईंचा दिवस जायचा.

त्या इतकं का भरवतात, ते मला एकदाच कळलं. दळण निवडता निवडता सहज म्हणाल्या, "मास्तरीणबाई, आमच्या सासरी पांढऱ्या केसांचा बाप्या मी पाहिलाच नाही." सासरे शेतात पाणी देताना छातीत कळ येऊन गेले, थोरले दीर पारोळ्याच्या एसटी स्टँडवर. दोघेही भर उमेदीत. आता उखाभाऊ त्याच वयाला येऊन ठेपले होते. अशक्त माणसाला कळ येते, म्हणून माणूस खाऊनपिऊन भक्कम ठेवायचा, हा त्यांचा सरळ हिशोब.

प्लेगच्या तडाख्यानंतर आमच्याकडे तपासणी शिबिरांचं पेवच फुटलं होतं. तशाच एका शिबिरात, गणपती उठल्यानंतर, मंडळानं शाळेच्या वर्गात रक्त तपासून दिलं. उखाभाऊंच्या रक्तात कोलेस्टेरॉल बरंच चढलेलं निघालं. दोघं दिंडोलीच्या नाक्यावर डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर गुजराती, वयस्क, घाईघाईत बोलणारे. संध्याकाळी सुंदराबाई आमच्या पायरीवर येऊन बसल्या.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"साय बंद, लोणी बंद, साजूक तूप बंद, मटणाची चरबी बंद. जनावराचं काही नको. जे खायचं ते वनस्पतीचंच खा, म्हणाले. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. नाही उतरलं तर गोळ्या, आणि मोठ्या दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो." मग जरा थांबून म्हणाल्या, "माणूस मोठ्या मनाचा आहे हो. मला वाटलं होतं, अगदी उपाशीच ठेवेल."

मी 'वनस्पती' ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे मेथी-पालक आला. त्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं, ते कळायला थंडी उजाडावी लागली.

सुंदराबाईंनी पथ्याला कंबर बांधली. दूध गाळून यायला लागलं. मटण घरातून हद्दपार झालं. चंदनी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, उखाभाऊंच्या शेठनं कारीगरांना घारीचे डबे वाटले. मावा भरलेली आणि तुपात बुडवून काढलेली ती सुरती घारी म्हणजे उखाभाऊंचा जीव की प्राण. पण गडी सुतळीही न सोडता डबा घरी घेऊन आला. सुंदराबाईंनी घारी पंगतीत वाटून टाकली. उखाभाऊंचा धाकटा भाऊ भटू, तोही लूमवरच, जेवायला इथेच. बोटं चाटत म्हणाला, "भाऊ, तुमच्या कोलेस्टेरॉलच्या नावानं ही दुसरी!"

"तुले लाज शे का?" सुंदराबाई ओरडल्या.

"लाज शे ना वहिनी. म्हणून तर तिसरी नही मांगनी."

उखाभाऊ भिंतीकडे तोंड करून बिनदुधाचा चहा पीत बसले होते. खांदे हलत होते. हसत होते की काय कोण जाणे.

डिसेंबरात पुन्हा रक्त दिलं. उतरायचं सोडा, आकडा पहिल्याहून वर गेला होता. गोळ्यांच्या आणि छातीच्या फोटोच्या धास्तीनं तो कागद डॉक्टरांना दाखवायचं राहूनच गेलं.

त्या दिवशीचं भांडण आमच्या दारात उभं न राहताही ऐकू आलं. उखाभाऊ अधूनमधून शेठच्या टेम्पोत बसून कापडाचे तागे घेऊन पर्वत पाटियाच्या बाजारात जायचे, आणि तिथं भज्यांची गाडी होती. सुंदराबाईंनी नेमकं तेच धरलं.

"कठे खाई उनात? पाटियाले? त्या भजावालाकडे?"

"मी काहीच नही खाधं."

"मग रगत खोटं बोलस का?"

"मी काय सांगू, रगतलेच इचार!"

"आणि त्या घारीचा डबा? दोन डबे दिले असतील शेठनं! एक तिथंच उडवला, एक मला दाखवायला आणला!"

सुंदराबाईंनी मग नको ते केलं. सगळ्या कारीगरांदेखत नवऱ्याच्या सदऱ्याचा वास घेतला, भज्यांचा येतो का म्हणून. उखाभाऊंनी सदरा सोडवून घेतला, पायात चपला सरकवल्या आणि निघून गेले. शिफ्टला वेळ होता तरी गेले.

त्यानंतर ते जेवायचे, पण ताट सरकवून "आज बरं झालं" म्हणणं थांबलं. सुंदराबाई माझ्याकडे येऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "खोटं बोलणारा माणूस नाही तो. आणि खरं बोलत असला तर मग जास्तच वाईट. मग काय खाऊ घालू मी त्याला? सासऱ्यांचंही असंच झालं असेल. रक्तातच असेल."

त्यांच्या तोंडून 'रक्तातच असेल' हे ऐकून मला भीती वाटली. ही बाई हार मानणारी नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ. सुरतेच्या मानानं कडाक्याची थंडी, नळाचं पाणी गार. सुंदराबाई चोकडीत, म्हणजे मागच्या मोरीत, भांडी घासत होत्या आणि मी माझ्या चोकडीत. आपल्याशीच पुटपुटल्यासारख्या त्या म्हणाल्या, "पोरांची ताटं एका हातात निघतात. यांचं एकट्याचं ताट मात्र दोनदा घासा. मेण बसल्यासारखं बसतं मेलं."

मी मान वर केली. "उखाभाऊंचंच ताट का निघत नाही?"

"त्यांचं वेगळं शिजतं ना. औषधाचं."

"औषधाचं म्हणजे?"

"अहो, वनस्पतीचं! डॉक्टरांनी सांगितलेलं." त्यांनी ताट माझ्यापुढं धरलं. कडेनं पांढरा, घट्ट थर होता. बोटानं खरवडला तर नखात भरला. शेजारीच कारीगरांची ताटं पडली होती. त्यांवर सरकीच्या तेलाचा ओघळ तसाच पातळ होता, थंडीतसुद्धा.

मी त्यांच्याबरोबर आत गेले. फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, पिवळाधमक डबा होता: वनस्पती तूप. कारीगरांच्या भाज्या नेहमीच्या सरकीच्या तेलात, आणि उखाभाऊंची भाजी, त्यांची खिचडी, त्यांच्या भाकरीवरचा गोळा, सगळं या डब्यातलं. गावाकडे लग्नाच्या बुंदीला आणतात ते हे तूप, एरवी त्यांच्या घरात येणारी वस्तूच नव्हे. नवऱ्यासाठी आणलं होतं.

"बाई, डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?"

"'वनस्पतिनुं खाओ.' अगदी असंच. मी दुकानात गेले, मगनभाईंना म्हटलं, वनस्पती द्या. त्यांनी हाच दिला. आणि त्यावर लिहिलंय म्हणाले, यात कोलेस्टेरॉल नाही. वाचा तुम्ही."

मी वाचलं. खरंच तसं लिहिलं होतं. मला कॉलेजात शिकलेलं अर्धवट आठवत होतं: घट्ट स्निग्ध पदार्थ वाईट, पातळ बरे. पण डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' लिहिलेलं असताना छातीठोक सांगायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, "डॉक्टरांनाच विचारू या."

सुंदराबाईंनी हात पुसले, डबा काखेत मारला आणि निघाल्या. उखाभाऊ शिफ्टवरून आलेच होते. त्यांना म्हणाल्या, "चला." कुठे, ते सांगितलं नाही. ते मागून चालू लागले, आणि त्यांच्या मागून मी.

दवाखान्यात सुंदराबाईंनी डबा थेट टेबलावर ठेवला, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपच्या बाजूला.

"आ शुं लाव्यां, बेन?"

"तुम्ही सांगितलेलं वनस्पती. तीन महिने दुसरं काही घातलं नाही यांना. तरी चढलं कसं?"

डॉक्टरांनी डबा पाहिला, सुंदराबाईंकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "अरे बेन! में तो वनस्पतिनुं तेल कह्युं'तुं! तेल! सिंगतेल म्हणजे शेंगदाण्याचं, कपासियानुं म्हणजे तुमचं सरकीचं, झाडबीजाचं कुठलंही पातळ तेल. आ तो घी छे, कारखानानुं घी!"

"पण यावर वनस्पतीच लिहिलंय."

"वनस्पतीचंच आहे. पण कारखान्यात त्याच्यात गॅस सोडून त्याला घट्ट केलंय."

"आणि कोलेस्टेरॉल नाही असंही लिहिलंय."

डॉक्टर हसले, पण चांगलं हसले. घाई विसरून त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि त्यांच्या गुजराती-मराठीत समजावून सांगितलं. डब्यात कोलेस्टेरॉल नाही हे खरं आहे; ते जनावराच्याच अंगात असतं, झाडाच्या नाही. पण आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलंच लिव्हर बनवतं, आणि रक्तातलं जास्तीचं उचलून नेण्याचं कामही तेच करतं. साय, लोणी, तूप, चरबी असलं गोठणारं खाणं रोज पोटात गेलं, की लिव्हरचं हे उचलण्याचं काम मंदावतं, आणि कोलेस्टेरॉल रक्तात साचत जातं. हे कारखान्यातलं तूप तर दुहेरी नुकसान करतं, असं आता बाहेरचे डॉक्टर सांगू लागलेत: वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. घट्टाच्या जागी पातळ तेल आणलं की मात्र रक्त हळूहळू उतरतं. "पण पातळ म्हणून पळीनं ओतायचं नाही हां, बेन. वजन वाढेल. आणि गोळ्यांचं पुढच्या रक्तानंतर बघू."

सुंदराबाईंचा चेहरा उतरला होता. "म्हणजे परक्या पोरांना मी बरं घालत होते, आणि घरच्या माणसाला वेचून वेचून वाईट."

डॉक्टर काही बोलणार तोच उखाभाऊ बोलले. एवढा वेळ कानामागे हात धरून ऐकत होते. "डॉक्टरसाहेब, लूमला तेलाची जागा असते. तिथं ग्रीस भरलं तर माग अडतो." मग बायकोकडे बोट केलं. "म्हणजे ही मला तीन महिने ग्रीस घालत होती."

डॉक्टर मोठ्यानं हसले. मीही हसले. सुंदराबाई हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

परतताना त्या पुढे, उखाभाऊ मागे. मी मुद्दाम रेंगाळले. तरी ऐकू आलंच. त्या दोघांचं काही लपून राहायची सोयच नव्हती.

"मी सगळ्यांसमोर वास घेतला तुमचा."

"काय?"

"वास घेतला म्हटलं!"

"मग? आता घे. कसाना येस?"

त्यांनी खरंच नाक जवळ नेलं. "तेलना. लूमना."

"मग तेच खाई उनू व्हसू," उखाभाऊ म्हणाले, आणि तेव्हा कुठे सुंदराबाईंना हसू आलं.

त्या दिवशी त्यांनी आधी गल्ली पालथी घातली. 'औषधी असतं' म्हणून त्यांनी स्वतःच तीन-चार घरांत त्या डब्याची शिफारस केली होती. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी ती परत घेतली. मगनभाईंच्या दुकानासमोर तर गिऱ्हाइकांनाच पकडून सांगायला लागल्या. मगनभाई काकुळतीला आले: "बेन, मारी दुकान बंध करावशो के शुं?"

"दुकान चालू ठेवा भाऊ. नुसतं 'वनस्पती' मागितलं की विचारत जा, तेल हवं की डबा."

पुढचा प्रश्न मोठा होता. आता उखाभाऊंचं वेगळं शिजवायचं नाही, सगळ्यांचं एकच आणि सगळ्यांचं कमी तेलाचं, असं सुंदराबाईंनी ठरवलं. पहिल्या दिवशी पंगतीत शोककळा पसरली. भटूनं भाजीत भाकरीचा तुकडा फिरवला आणि विचारलं, "वहिनी, भाजी आंघोळ करीसन उनी का?" दुसरा एक जण म्हणाला, "मावशी, मी पुढच्या गल्लीतल्या वीशीत चौकशी करून ठेवतो." सुंदराबाईंनी त्याला भाकरी वाढली, पण शब्द मनाला लागला होता. हात आखडतो असंच तो म्हणाला होता, फक्त वेगळ्या शब्दांत.

मग मी त्यांना रोज मागच्या खोलीत झटताना पाहायची. खोबऱ्याचं तेलही थंडीत गोठतं हे त्यांच्याच लक्षात आलं. डॉक्टरांना विचारून आल्या आणि वाटणातलं खोबरं कमी करून भाजलेले तीळ आणि डाळवं घातलं. मसाला तेलात तळायच्या ऐवजी कोरडा भाजून, पाण्याचा हबका मारत परतू लागल्या. आणि एक दिवस त्यांना युक्ती सापडली. सगळी भाजी जवळजवळ बिनतेलाची शिजवायची, आणि उतरवताना छोट्या कढल्यात थोडंसं तेल कडक तापवून, खाली उतरवून, त्यात मिरचीची पूड टाकून ते वरून सोडायचं. ढवळायचं नाही. पातेलंभर लाल तवंग पसरतो. खाणारा डोळ्यांनी तेल बघतो. पोटात जातं ते चमचाभर.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवशी त्यांनी ही भाजी पंगतीत वाढली. गच्चीवर पतंगांची झुंबड, खाली मांज्यानं बोटं कापून आलेले भुकेले कारीगर. भटूनं ताटात पाहिलं. "वा! आज वहिनीचा हात मोकळा झाला!" दोनदा भाजी घेतली. दुसऱ्या वीशीत चौकशी करणारा तर तीनदा. सुंदराबाई उंबऱ्यात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या, ओठ घट्ट मिटून, हसू फुटू नये अशा बेतानं. पंगत उठल्यावर उखाभाऊंनी ताट पुढं सरकवलं. म्हणाले, "आज बरं झालं."

होळी झाली, धुळवड झाली. रक्ताचा दिवस आला तसं सुंदराबाईंचं जेवण तुटलं. रिपोर्ट घ्यायला मलाही बरोबर नेलं, "डॉक्टर आकडे गुजरातीत भराभर बोलतात" म्हणून. खरं कारण मला कळत होतं. दवाखान्याची पायरी चढताना त्यांनी मलाच पुढं केलं.

डॉक्टरांनी कागद उघडला, चष्मा वर केला. "उतर्युं."

"काय?" उखाभाऊंनी विचारलं.

"उतरलं!" सुंदराबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या, आणि मग डॉक्टरांना, "पुन्हा एकदा सांगा."

पुरतं खाली आलं नव्हतं. हवं त्याहून थोडं वरच होतं, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण डबा बंद झाल्यापासून चांगलं घसरलं होतं, आणि गोळ्या तूर्त नकोत. असंच खाणं, रोज चालणं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू. "या घराण्यात हे चालत आलेलं दिसतं," ते कागद घडी घालत म्हणाले. "म्हणून निव्वळ खाण्यावर भरवसा ठेवायचा नाही. तपासत राहायचं. यांना भाऊ आहेत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला निघाले, तर गल्लीच्या तोंडाशी हे तिघं. मधे भटू, एका बाजूनं उखाभाऊंनी दंड धरलेला, दुसऱ्या बाजूनं सुंदराबाई. भटूचा चेहरा बळीच्या बकऱ्यासारखा.

"मास्तरीणबाई, तुम्ही तरी सांगा यांना! मी चांगला धडधाकट! जानेवारीपासून मी पण तेच खातोय की!"

"आणि घारी कुणी खाल्ली?" उखाभाऊ म्हणाले.

"सुईची भीती वाटते त्याला," सुंदराबाईंनी मला समजावलं, जणू भटू तिथं नव्हताच. "एवढा घोडा झालाय."

"सुईचं काही नाही वहिनी. पण निदान एक अर्धा चहा तरी पिऊ द्या आधी."

"चूप. रगत उपाशीच देतस," असं म्हणत सुंदराबाईंनी त्याला दिंडोलीच्या रस्त्याला लावलं.